ऑर्डर कधी दिली, माल कधी उतरला?

पुरवठ्याच्या नियोजनासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांकडून बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रांतला मुद्द्याचा भाग तेवढा ठेवला आहे. आकडेमोडीतली उदाहरणं समजण्यापुरती आहेत. तिथे आपापले आकडे घालून पाहावेत.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना आम्ही कास्टिंग पुरवतो. एका सॉफ्टवेअर कंपनीचे लोक येऊन गेले. ‘एआयमुळे कच्च्या मालाचा साठा ३० टक्क्यांनी खाली येईल’ असं म्हणतात. टॅलीतला तीन वर्षांचा डेटा द्यायची तयारी आहे. तेवढ्यावर भागेल का? (फाउंड्रीचालक, शिरोली)

उत्तर : नाही भागणार. तीन वर्षं पुरेशी आहेत, पण हवी ती तारीख त्यात नसेल. टॅलीत खरेदीची नोंद पडते ती बहुतेक ठिकाणी बिल हातात आल्यावर. माल मंगळवारी उतरतो, बिल शुक्रवारी अकाउंट्सकडे जातं आणि महिनाअखेरीला दहा नोंदी मागच्या तारखेने एकदम मारल्या जातात. ऑर्डर तर फोनवरच दिलेली असते, ‘अण्णा, शनिवारपर्यंत गाडी सोडा’. तिचा कागद कुठेच नसतो. म्हणजे माल मागवला कधी तेही नक्की नाही आणि उतरला कधी तेही नाही. या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे लीड टाइम, आणि साठ्याचं सगळं गणित त्यावरच उभं असतं.

रेझिनचं उदाहरण घ्या. रोजचा खप सरासरी १२० किलो, त्यातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, २५ किलो. माल यायला सरासरी ९ दिवस लागतात, पण कधी ६ तर कधी १३. हे विचलन ३ दिवस धरू. खरेदीच्या शंभर फेऱ्यांपैकी ९५ फेऱ्यांत माल संपू नये अशी अपेक्षा असेल, तर राखीव साठा असा काढतात : खपाच्या विचलनाचा वर्ग गुणिले दिवस, म्हणजे ६२५ × ९ = ५,६२५. सरासरी खपाचा वर्ग गुणिले दिवसांच्या विचलनाचा वर्ग, म्हणजे १४,४०० × ९ = १,२९,६००. दोन्हींची बेरीज १,३५,२२५. तिचं वर्गमूळ साधारण ३६८, त्याला १.६५ ने (शंभरात ९५ साठीचा ठरलेला गुणक) गुणलं की ६०७ किलो. नऊ दिवसांचा खप १,०८० किलो त्यात मिळवा. हातातला आणि वाटेतला माल मिळून १,६८७ किलोवर आला की ऑर्डर गेली पाहिजे.

आता त्या दोन आकड्यांकडे परत पाहा. ५,६२५ कुठे आणि १,२९,६०० कुठे! रेझिनचे बॅरल पडून आहेत ते तुमचा खप हलतो म्हणून नाहीत. गाडी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून ते ठेवावे लागतात. येण्याच्या दिवसांचं विचलन ३ वरून १ वर आलं तर हाच राखीव साठा २३३ किलोंवर येतो. खपाचा अंदाज कितीही हुशारीने केला तरी एवढी घट मिळणार नाही. पुरवठादाराशी ‘दर बुधवारी गाडी’ ठरवून टाकली तर मिळेल, आणि त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. त्यामुळे ३० टक्के म्हणणाऱ्यांना विचारा : कोणत्या मालात, आणि आज तो जास्त आहे तो कशामुळे?

खऱ्या तारखा मात्र तुमच्याकडे आहेत. त्या गेटवर, वॉचमनच्या वहीत आहेत. गाडीचा नंबर, वेळ, माल, सगळं त्या क्षणी लिहिलेलं. रुपयांत सर्वांत जड असलेले पंधरा-वीस आयटम निवडा : पिग आयर्न, स्क्रॅप, फेरो-सिलिकॉन, रेझिन, वाळू वगैरे. गेल्या बारा महिन्यांच्या उतरण्याच्या तारखा गेटच्या वहीतून घ्या, मागवल्याच्या तारखा व्हॉट्सअॅप आणि मेलमधून. एका माणसाचं तीन-चार दिवसांचं काम आहे. हा तक्ता हाती आल्याशिवाय सॉफ्टवेअरवाल्यांना दुसऱ्यांदा बोलावू नका.

दुसरी गोष्ट ग्राहकाच्या शेड्यूलची. चालू महिन्याचं पक्कं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांचं टेंटेटिव्ह, म्हणजे अंदाजे, येतं. एखाद्या हाउसिंगचे दोन महिने आधी ४,००० नग सांगितले आणि प्रत्यक्षात ३,१०० उचलले, तर गुणोत्तर साधारण ०.७८. कोणत्या ग्राहकाचा, कोणत्या पार्टचा, तिमाहीच्या कोणत्या महिन्यातला आकडा किती फुगवलेला असतो हे ओळखणं मशीन लर्निंगला खरोखर जमतं, कारण त्यात पुन्हापुन्हा येणारी सवय असते. अडचण एकच. नवं शेड्यूल आलं की बहुतेकजण जुन्या एक्सेलवर तेच सेव्ह करतात. जुनी आवृत्ती गेली की शिकायला काही उरत नाही. आजपासून प्रत्येक सुधारित शेड्यूल तारीख घालून वेगळं ठेवा.

भट्टीचा क्रम हा तिसराच विषय. एफजी २६० प्रतीच्या बिडाच्या हीट (भट्टीच्या फेऱ्या) आधी घ्यायच्या की एसजी ५००/७ प्रतीच्या, कोणता पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) कधी चढवायचा, हा अंदाजाचा प्रश्न नाही. मर्यादा सांभाळून सर्वांत बरा क्रम शोधायचा प्रश्न आहे. त्याची गणिती पद्धत वेगळी, आणि अनेकदा त्याचं मॉड्यूलही वेगळं विकतात. कोटेशनमध्ये दोन्हींपैकी काय आहे ते विचारून घ्या.

प्रश्न : गांधीनगरात कापडाचा होलसेल व्यापार आहे. सॉफ्टवेअरने २०२६ च्या ऑक्टोबरसाठी सुचवलेली विक्री आमच्या अंदाजाच्या जवळजवळ दीडपट आहे. कुणाचं खरं धरायचं? (व्यापारी, गांधीनगर)

उत्तर : डोळे झाकून कुणाचंच नाही. सॉफ्टवेअर इंग्रजी महिने मोजतंय आणि तुमचं गिऱ्हाईक पंचांग पाहतं. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे २०२५ ची बहुतेक दिवाळी ऑक्टोबरात बसली आणि यंत्राने ‘ऑक्टोबर तेजीचा’ असा धडा घेतला.

तयार सॉफ्टवेअरमध्ये भारतीय सुट्ट्यांची यादी असते, पण तिच्यात दिवाळी म्हणजे एक-दोन दिवस. कापडाची होलसेल उचल त्याच्या पाच-सहा आठवडे आधी सुरू होते. म्हणून डेटात ‘दिवाळीला उरलेले आठवडे’ असा वेगळा रकाना घाला : उणे सहापासून अधिक एकपर्यंत. तसाच रकाना गणपतीसाठी. तो २०२५ ला २७ ऑगस्टला बसला, २०२६ ला १४ सप्टेंबरला.

याहून मोठा फटका अधिक मासाचा. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. ऐन लग्नसराईत महिनाभर मुहूर्त नाहीत, बस्ते पुढेमागे सरकणार. आधीचा अधिक मास २०२३ चा, पण तो श्रावणातला. लग्नाच्या खरेदीला त्याचा धक्का नव्हता. अधिक ज्येष्ठ त्याआधी आला होता तो २०१८ साली, आणि इतका जुना डेटा कुणी सॉफ्टवेअरला दिलेला नसतो. जे यंत्राने कधी पाहिलंच नाही ते त्याला हातानेच सांगावं लागतं. मुहूर्तांची संख्या आठवड्यानुसार मोजून तोही एक रकाना करा.

आणखी एक आपल्या भागापुरतं : उसाचं बिल. ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, प्रत्यक्षात बिल पडण्याच्या तारखा कारखान्यागणिक पुढेमागे होतात. ज्या तालुक्यांत तुमचा माल जातो तिथल्या कारखान्यांची बिलं कधी पडली याची नोंद ठेवलीत, तर परदेशी बनावटीच्या कोणत्याही मॉडेलला नसलेली माहिती तुमच्या मॉडेलला मिळेल.

प्रश्न : महाद्वार रोडवर कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, शिवाय ऑनलाइन विक्री. एका प्रकाराच्या एका मापासाठी सॉफ्टवेअर सांगतं : ‘आठवड्याची मागणी ०.४ जोड.’ ०.४ जोड करायचा कसा? (दुकानदार, कोल्हापूर)

उत्तर : करायचा नाहीच, तो आकडा वेगळ्या तऱ्हेने वाचायचा आहे. कापशी, बक्कलनाळी, कचकडी, पायताण धरून सहा प्रकार, आठ मापं, तीन रंग म्हटले तरी १४४ आयटम होतात. महिन्याला ३६० जोड खपत असले तर एका आयटमच्या वाट्याला अडीच जोड. बहुतेक आठवड्यांत विक्री शून्य, मधेच एकदम तीन. अशा तुटक मागणीला नेहमीची पद्धत लावली की विक्री झाल्याबरोबर अंदाज उसळतो आणि मग शून्यांमागून शून्यं येत गेली की विरत जातो. म्हणजे नेमका चुकीच्या वेळी माल मागवला जातो.

यासाठी क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत आजही कामाची आहे. किती जोड जातात आणि किती दिवसांनी जातात, हे दोन आकडे वेगळे ठेवायचे. २४ आठवड्यांत चार वेळा विक्री झाली, २, ३, १, २ जोड. एका वेळची सरासरी २, अंतर ६ आठवडे, म्हणून आठवड्याला ०.३३. ही पद्धत अंदाज किंचित जास्त देते, तेव्हा सिंटेटॉस आणि बॉयलन यांची दुरुस्ती लावतात : स्मूदिंगचा गुणक (नव्या विक्रीला अंदाजात किती वजन द्यायचं तो आकडा) ०.१ असेल तर उत्तराला ०.९५ ने गुणायचं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा आयटमसाठी ही सोय आहे का ते विचारा. पण खरं उत्तर आणखी सोपं आहे. अंदाज प्रकारापुरता करा आणि मापांमध्ये तो जुन्या विक्रीच्या टक्केवारीने वाटा. रंगाचा निर्णय तर जितका उशिरा तितका बरा : तळ कापून ठेवता येतात, पट्ट्याचं काम ऑर्डर आल्यावर करता येतं.

दोन ठिकाणी डेटा फसवतो. आठ नंबर संपला, गिऱ्हाईक पायरीवरूनच ‘आठ आहे का?’ विचारून गेलं, बिलात काहीच आलं नाही. सॉफ्टवेअर समजतं, आठला मागणी नाही. पुढच्या वेळी ते आठ आणखी कमी मागवतं. काउंटरवर एक वही ठेवा, ‘नाही’ म्हणावं लागलं की माप लिहून एक रेघ. ज्या दिवशी शिल्लक शून्य होती तो दिवस विक्रीच्या हिशेबातून वगळायला सांगा.

दुसरं, पावसाळा. वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेलं कातडं पावसात वाळत नाही, कारागिराचं काम मंदावतं. वर्षभरासाठी एकच लीड टाइम भरला तर जून ते सप्टेंबर तो खोटा ठरतो. दोन भरा, एक उघडिपीचा, एक पावसाचा. आणि मेअखेर साठा वाढवताना बुरशीचाही विचार करा. कोंदट माळ्यावर चार महिने ठेवलेला जोड विकण्यालायक राहीलच असं नाही. ही मर्यादा ‘जास्तीत जास्त किती दिवस ठेवायचा’ या रकान्यात लिहिता येते. तो रकाना बहुतेक दुकानदार रिकामाच सोडतात.

प्रश्न : ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पुरामुळे आमची विक्री कोसळली. आता सॉफ्टवेअर दर पावसाळ्यात खड्डा दाखवतं. ते महिने काढून टाकावेत का? (सुट्या भागांचे वितरक, उद्यमनगर)

उत्तर : काढू नका, खूण करा. महिना पुसला तर मालिकेत भोक पडतं आणि पुरानंतरची उसळी उरते, तिच्यामुळे पुढचा अंदाज फुगतो. पूर, त्यानंतरचे चार आठवडे आणि २०२० ची टाळेबंदी, तिन्हींना वेगळी खूण द्या. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये खूण केलेल्या काळाऐवजी नेहमीचा अपेक्षित आकडा घालायची सोय असते.

पुराचा अंदाज मात्र विक्रीच्या डेटातून निघणार नाही. तो नदीवर दिसतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि पुण्याकडून येणारा माल अडकला. यासाठी एआय लागत नाही, एक साधा नियम पुरतो : पातळी ३५ फुटांवर आणि चढती असेल, किंवा राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, तर पुण्याच्या बाजूने येणाऱ्या मालाची पुढच्या दोन आठवड्यांची ऑर्डर त्याच दिवशी लावायची, आणि तळमजल्यावरचा साठा वर घ्यायचा. ३५ हा आम्ही धरलेला आकडा आहे. तुमच्या पुरवठादाराला गाडी भरायला किती दिवस लागतात त्यावरून तो खालीवर करा.

प्रश्न : दुकानदार व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी टाकतात. त्या वाचून एआयने आपोआप कंपनीकडे खरेदी लावावी, असं शक्य आहे का? (किराणा वितरक, लक्ष्मीपुरी)

उत्तर : वाचणं शक्य आहे. ‘५ पेटी मोठं, २ नेहमीचं, बिस्किट मागच्यासारखं’ हे भाषा-मॉडेल बऱ्यापैकी समजतं, मात्र त्याला त्या दुकानदाराची मागची तीन-चार बिलं आणि तुमची आयटम कोडची यादी द्यावी लागते. निघालेली ऑर्डर दुकानदाराला उलट पाठवा आणि त्याचं ‘हो’ आल्यावरच पक्की करा. गणित मात्र या मॉडेलकडे सोपवू नका. किती मागवायचं ते सूत्राने ठरवावं.

सगळ्यात महाग चूक एककाची होते. दुकानदार नगांत बोलतो, कंपनी पेटीत विकते. २४ नगांची पेटी असेल तर २४० नग म्हणजे १० पेट्या. मास्टरमध्ये, म्हणजे आयटमच्या मूळ यादीत, एकक चुकलं की २४० पेट्यांची गाडी दारात. म्हणून आपोआप ऑर्डरला तीन कुलपं लावा : एका ऑर्डरची रुपयांतली कमाल मर्यादा, जास्तीत जास्त इतक्या दिवसांचा साठा, आणि पेटीच्या पटीतच प्रमाण. मर्यादेबाहेरचं काही असेल तर माणसाच्या सहीशिवाय पुढे जाऊ नये.

आणि स्कीमच्या महिन्यांची खूण करा. ‘दहावर एक फ्री’ आलं की दुकानदार दोन महिन्यांचा माल भरतो, पुढच्या महिन्यात फिरकत नाही. घराघरांतला खप तेवढाच असतो. खूण नसेल तर सॉफ्टवेअर आधी तेजी आणि मग मंदी समजून तुमच्याकडून दोनदा चूक करवून घेतं.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. या क्षेत्रातल्या सॉफ्टवेअर कंपनीत जायचं तर काय शिकावं? (विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा एसक्यूएल आधी, प्रोग्रामिंगची भाषा पायथॉन नंतर. २०२० च्या एम५ या अंदाज बांधण्याच्या स्पर्धेचा वॉलमार्टच्या विक्रीचा डेटा मोफत मिळतो. त्यावर लाइटजीबीएम हे मशीन लर्निंगचं साधन चालवून पाहा, त्या स्पर्धेत वरच्या क्रमांकांना ते खूप वापरलं गेलं. पण आधी ‘गेल्या वर्षीचाच आकडा’ हा अंदाज काढून ठेवा, आणि तुमचं मॉडेल त्याला कितीने हरवतं ते मोजा. मुलाखतीत हेच विचारतात. शिवाय एखाद्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये पंधरा दिवस बसा. एकच वाटणारं बेअरिंग ‘६२०५’, ‘बेरिंग ६२०५’ आणि ‘६२०५ झेडझेड’ अशा तीन नावांनी पडलेलं तिथे दिसेल, आणि त्यातली कोणती दोन खरंच एक आहेत हे स्टोअरकीपरलाच ठाऊक असतं.

प्रश्न : दोन कंपन्यांचे डेमो पाहिले. दोघांचेही आलेख सुंदर. निवड कशी करावी? (खरेदी विभागप्रमुख, गोकुळ शिरगाव)

उत्तर : डेमोतला डेटा त्यांचा असतो, आलेख सुंदरच येणार. तुमचा ३० महिन्यांचा डेटा असेल तर दोघांना पहिले २४ महिने द्या, शेवटचे सहा कपाटात ठेवा. दोघांकडून त्या सहा महिन्यांचे आयटमवार अंदाज मागवा. तिसरा अंदाज स्वतः करा, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याची नक्कल. मग तिघांची तुलना.

तुलनेचं माप तुम्हीच ठरवा. एका आयटमची विक्री १,०००, अंदाज ९०० : चूक १० टक्के. दुसऱ्याची विक्री २, अंदाज ४ : चूक १०० टक्के. टक्केवारींची सरासरी ५५ येते आणि मॉडेल टाकाऊ वाटतं. तेच एकूण चूक भागिले एकूण विक्री केली तर १०२ भागिले १,००२, म्हणजे १० टक्के. दुसरं माप वापरा, आणि नगांऐवजी रुपयांत मोजा. चुकीची दिशाही पाहा. अंदाज सतत जास्तच येत असेल तर सरासरी चूक कमी असूनही गोदाम भरत जाईल. नक्कलेपेक्षा फरक नगण्य असेल तर दोघांनाही नमस्कार करा.

एकदम सगळ्या प्लांटला लावायची घाई मोठ्यांनाही भोवली आहे. २००१ साली नायकी कंपनीच्या नव्या मागणी-नियोजन प्रणालीत घोळ झाला, नको ते बूट जास्त बनले, हवे ते कमी पडले, आणि सुमारे १० कोटी डॉलरची विक्री बुडाल्याचं कंपनीनेच जाहीर केलं. तुम्ही एका विभागात, पन्नास आयटमांवर, तीन महिने जुन्या पद्धतीसोबत चालवून पाहा. खरेदी अधिकाऱ्याने सुचवलेला आकडा बदलला तर कारण लिहायला लावा. तीन महिन्यांनी कुणाचा बदल फायद्याचा ठरला ते दोन्ही बाजूंनी तपासता येतं.

करारात तीन ओळी हव्यातच. डेटा तुमचा आणि तो दुसऱ्या ग्राहकाचं मॉडेल शिकवायला वापरायचा नाही. टॅली किंवा ईआरपीला (कंपनीचा सगळा कारभार एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडायचा खर्च कुणाचा आणि ती जोडणी तुटली तर किती तासांत दुरुस्ती. आणि करार संपला तर आयटम मास्टर, लीड टाइम, केलेल्या खुणा आणि जुने अंदाज एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये परत मिळाले पाहिजेत. नुसती विक्रीची आकडेवारी परत मिळून उपयोग नाही, ती तुमच्याकडे होतीच.